दोन बोटं आणि तीस वर्षं

१९६४ साली लिऑन फ्लायशर ३६ वर्षांचा होता आणि त्याच्या उजव्या हाताची करंगळी त्याचं ऐकेनाशी झाली होती. हात मोडला नव्हता, कापला नव्हता. चहाचा कप उचलता येत होता, सहीसुद्धा करता येत होती. पण पियानोसमोर बसलं की करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका हळूहळू तळहाताकडे वळायची आणि तिथेच मुडपून राहायची.

पुढच्या वर्षी त्याला जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जायचं होतं. दिवस शीतयुद्धाचे होते आणि दौरा अमेरिकी परराष्ट्र खात्याने आखलेला होता. पियानोवादकाच्या आयुष्यात यापेक्षा मोठं आमंत्रण क्वचितच येतं. निघायच्या थोडं आधी सेलने त्याचं वादन ऐकलं आणि तुला नेता येणार नाही, असं सांगितलं. दौऱ्यावर दुसरा पियानोवादक गेला.

फ्लायशरची गोष्ट इंटरनेटवर शोधलीत तर ती बहुतेकदा अशी सापडेल: मोठा कलाकार, हात गेला, तीस वर्षांनी औषध सापडलं, हात परत आला, टाळ्या. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात मधली तीस वर्षं एका ओळीत उरकलेली असतात आणि मला रस आहे तो त्या तीस वर्षांत. तेवढ्या काळात हा माणूस काय करत होता? थोडक्यात उत्तर द्यायचं तर, शिकवत होता. आणि ज्या हाताने करून दाखवायचं तोच हात नसताना शिकवत होता.

बेथोवनपासून पाचवा

फ्लायशरचा जन्म २३ जुलै १९२८चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित, वडील बायकांच्या हॅट बनवायचे. पियानोची शिकवणी खरं तर मोठ्या भावासाठी लावली होती. शिकवणी संपून भाऊ खेळायला पळाला, की धाकटा स्टुलावर चढून तेच सगळं वाजवून दाखवायचा. घरच्यांच्या लक्षात आलं आणि शिकवणी धाकट्याकडे वळली.

आर्टुर श्नाबेल हा त्या काळचा बेथोवनचा सर्वांत मोठा भाष्यकार. बेथोवनच्या ३२ही सोनाटांचं ध्वनिमुद्रण सर्वांत आधी केलं ते त्याने, १९३०च्या दशकात. तो लहान मुलांना शिकवत नसे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या आल्फ्रेड हर्ट्झ या कंडक्टरने एक युक्ती केली. श्नाबेल त्यांच्याकडे जेवायला आला असताना पोराला गुपचूप घरात आणून पियानोसमोर बसवलं. श्नाबेलला ऐकणं भाग पडलं. तो शिकवायला तयार झाला, पण त्याची अट होती की पोराने जाहीर मैफली करायच्या नाहीत. १९३८च्या उन्हाळ्यात जेमतेम दहा वर्षांचा फ्लायशर इटलीत कोमो सरोवराकाठी श्नाबेलकडे शिकायला गेला. युद्ध सुरू झाल्यावर श्नाबेल अमेरिकेत आला आणि शिक्षण न्यूयॉर्कमध्ये पुढे चालू राहिलं. सगळी मिळून जवळजवळ दहा वर्षं.

गुरू कोण, त्याचा गुरू कोण, हा प्रश्न आपण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला हमखास विचारतो. युरोपातही तो विचारला जातो. श्नाबेल व्हिएन्नात थिओडोर लेशेटित्स्कीकडे शिकला होता. लेशेटित्स्की शिकला कार्ल चेर्नीकडे आणि चेर्नी खुद्द बेथोवनकडे. म्हणजे हॅटवाल्याचा हा मुलगा बेथोवनपासून पाचवा.

श्नाबेलच्या वर्गात एक पद्धत होती. शिकवणी एकाची असली तरी बाकीचे शिष्य तिथेच बसून ऐकत. त्यामुळे एका तुकड्याबद्दल तुम्हाला जे सांगितलं जाई, त्याच्या कितीतरी पट तुम्ही दुसऱ्यांना सांगितलेलं ऐकत असा. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याचं जे होतं, तेच. श्नाबेलचा आग्रह असे की पट्टीवर बोट पडण्याआधी तो सूर मनात ऐकू आला पाहिजे. आधी ऐकायचं, मग वाजवायचं, आणि वाजल्यावर मनात ऐकलं होतं तेच आलं का ते पुन्हा ऐकायचं. हे वाक्य लक्षात ठेवा. फ्लायशरचा हात गेला तेव्हा त्याच्याजवळ उरलं ते हेच.

शिखरावर

१६व्या वर्षी, १९४४ साली, फ्लायशरने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला पियानो कन्चेर्टो वाजवला. कन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि समोर पूर्ण ऑर्केस्ट्रा, अशी रचना. कंडक्टर पिएर माँत्यू या मुलावर बेहद्द खूश होता. १९५२ साली ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा त्याने जिंकली. ती जिंकणारा तो पहिला अमेरिकन. त्यानंतरच्या दहा-एक वर्षांत सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत त्याने बेथोवनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. साठ वर्षं उलटली तरी या रचनांची सर्वोत्तम मुद्रणं कोणती, असा वाद निघाला की ही नावं येतातच.

१९५९पासून तो बाल्टिमोरच्या पीबडी संगीतशाळेत शिकवू लागला. तेव्हा शिकवणं हे मुख्य कामाच्या जोडीचं काम होतं. शिष्य कुठे अडखळला की फ्लायशर त्याला बाजूला सारायचा, स्वतः बसायचा आणि वाजवून दाखवायचा. गुरूच्या बोटांतून आलेलं बघायचं आणि तसंच करायचं. जगभर असंच शिकवतात.

आणि मग करंगळी वळायला लागली. यावर त्याने काय केलं? प्रत्येक मेहनती माणूस करतो तेच. सराव वाढवला. बोट कमजोर पडतंय म्हणजे त्याला आणखी कामाला लावायला हवं. थकलेल्या स्नायूंना त्याने आणखी तास जुंपलं. पुढे आयुष्यभर तो शिष्यांना सांगत राहिला की माझं नेमकं इथे चुकलं. हात थकला की थांबा, दुखलं तर उठाच, आणि डोकं झोपलेलं असताना बोटं चालवू नका.

मला हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही चिल्ल्याच्या गोष्टी आहेत. चाळीस दिवस कोंडून घेऊन केलेला रियाझ, रक्ताळलेली बोटं, शेंडी खुंटीला बांधून केलेला अभ्यास. आता त्यात रात्री दोनला ‘अजून जागाच आहे’ असं सांगणाऱ्या स्टोरीजची भर पडली आहे. या गोष्टी जे टिकले त्यांच्याबद्दल असतात. ज्यांचे हात त्यात गेले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

मेंदूतला नकाशा

फ्लायशरला काय झालं होतं, हे कळायला जवळजवळ तीन दशकं गेली. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, फिजिओथेरपी झाली, संमोहन झालं. बिघाड हातात शोधला जात होता आणि तो हातात नव्हताच.

त्याला झाला होता फोकल डिस्टोनिया. आपल्या मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो आणि त्यात प्रत्येक बोटाची स्वतंत्र जागा असते. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं, हजारो वेळा, वेगाने केली की काहींच्या बाबतीत या जागांच्या सीमा पुसट होतात. शेजारशेजारच्या बोटांचे हुकूम एकमेकांत मिसळतात. एक बोट उचलायला सांगावं, तर दुसरं वळतं. गंमत अशी, की हे बहुधा त्या एका कामापुरतंच होतं. बाकी हात ठणठणीत. लिहिणाऱ्यांना होणारा ‘रायटर्स क्रॅम्प’ याच कुटुंबातला. व्यावसायिक वादकांमध्ये शंभरात साधारण एकाला हा त्रास होतो, असा अंदाज आहे. यात दुर्बळ हाताला आणखी सराव द्यावा, तर घोळ आणखी पक्का होतो.

इतिहासात मागे पाहिलं तर अशी बोटं आणखी सापडतात. रॉबर्ट शूमानचा उजवा हात १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला बिघडला, पियानोवादक व्हायचं स्वप्न संपलं आणि तो पूर्ण वेळ संगीतकार झाला. त्यालाही हेच झालं असावं, असं आज काही डॉक्टरांना वाटतं. रशियन संगीतकार स्क्र्याबिनने विद्यार्थिदशेत अतिसरावाने उजवा हात दुखावून घेतला आणि मग एकट्या डाव्या हातासाठी दोन सुंदर रचना लिहिल्या.

फ्लायशरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्याजवळ फक्त दोन वळलेली बोटं होती आणि रिकामं वेळापत्रक. संसार मोडला. त्याने दाढी-केस वाढवले, स्कूटर घेतली. आत्महत्येचा विचारही मनात येऊन गेला, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे.

उरलेला हात

माझ्यासारख्या हार्मोनियम बघत वाढलेल्या माणसाला ‘डाव्या हाताचा पियानो’ ही कल्पनाच आधी चमत्कारिक वाटते. पेटीवर सूर सगळे उजव्या हाताचे. डावा भाता हलवतो. पियानोवर तसं नाही. ८८ पट्ट्या, डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, आणि दोन्ही हात सारखेच कामाला. सर्वसाधारणपणे उजवा हात मुख्य चाल वाजवतो आणि डावा तिला आधार देतो.

पण एकट्यानेच वाजवायचं झालं, तर डावा हात उजव्यापेक्षा सोयीचा आहे. तुमचा डावा हात टेबलावर ठेवून बघा. अंगठा उजवीकडे येतो, म्हणजे पियानोवर तारसप्तकाच्या बाजूला. चाल बहुतेकदा वरच्या सुरांत असते, त्यामुळे ती सर्वांत दणकट बोटाच्या वाट्याला येते आणि करंगळी खाली खर्ज धरते. पायाखालचं पेडल दाबलं की खर्ज घुमत राहतो, तेवढ्यात हात उडी मारून वर पोचतो. डोळे मिटून ऐकलंत तर हात एकच आहे हे ओळखता येत नाही.

अशा रचनांचा मोठा साठा एका माणसामुळे तयार झाला. पॉल विट्गेनश्टाइन, तत्त्वज्ञ लुडविगचा भाऊ, व्हिएन्नाचा पियानोवादक. १९१४मध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच रशियन आघाडीवर तो जखमी झाला आणि त्याचा उजवा हात कापावा लागला. सायबेरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत तो लाकडी खोक्यावर कोळशाने पट्ट्या आखून डाव्या हाताचा सराव करायचा. घर गडगंज श्रीमंत होतं. सुटका झाल्यावर त्याने त्या काळच्या मोठमोठ्या संगीतकारांना पैसे देऊन डाव्या हातासाठी कन्चेर्टो लिहून घेतले. राव्हेलने लिहिला, प्रोकोफिएव्हने लिहिला, ब्रिटनने लिहिला. माणूस विक्षिप्त होता. राव्हेलच्या रचनेत त्याने परस्पर बदल केले आणि भांडण ओढवून घेतलं. प्रोकोफिएव्हची रचना त्याने कधी वाजवलीच नाही. हिंडेमिथने १९२३ साली लिहून दिलेली रचना आवडली नाही, म्हणून ती कपाटात गेली ती गेलीच.

फ्लायशरने राव्हेल उचलला. सुरुवातीला त्याला हे वाजवणं नको वाटायचं, कारण डाव्या हाताचं वाजवायला घेणं म्हणजे उजवा गेला हे मान्य करणं. पण मग तो त्या रचनेसह जगभर हिंडला. बाखच्या शाकोनची ब्राम्सने एका डाव्या हातासाठी केलेली आवृत्तीही त्याने जवळ केली. १८७७मध्ये ब्राम्सने ती क्लारा शूमानकडे पाठवली, तेव्हा योगायोगाने तिचा उजवा हात दुखावलेला होता. 

शब्दांनी शिकवणं

आता वर्गाकडे येऊ. बाल्टिमोरमध्ये शिष्य पूर्वीसारखेच येत होते. फरक एवढाच होता की त्यांना बाजूला सारून आता वाजवून दाखवता येत नव्हतं.

विचार करा, किती अवघड आहे हे. एखादं वळण हळवं हवं आहे, पण रडवेलं नको. एक सूर थोडा उशिरा यायला हवा, पण रेंगाळायला नको. हातात वाद्य असेल तर दोन सेकंदांचं काम. नसेल, तर तुम्हाला आधी स्वतःला विचारावं लागतं की इथे मी नेमकं काय करत होतो, आणि का करत होतो? फ्लायशरने म्हटलं आहे की हात गेल्यावर तो जास्त चांगला शिक्षक झाला, कारण शब्द शोधावे लागले. तो लयीबद्दल बोलायला लागला, श्वासाबद्दल, गुरुत्वाकर्षणाबद्दल. दोन सुरांच्या मधल्या जागेबद्दल. सूर काय, वाजला की वाजला. पुढच्या सुराकडे कसं जायचं, ते ठरवण्यात सगळं संगीत आहे.

याचा आणखी एक परिणाम झाला. गुरूने वाजवून दाखवलं की शिष्य नक्कल करतो. शब्दांची नक्कल करून पियानो वाजत नाही. प्रत्येकाला त्या शब्दांचं आपल्या बोटांत भाषांतर करावं लागतं आणि ते प्रत्येकाचं वेगळं निघतं. फ्लायशरच्या शिष्यांची नावं पाहा: आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, एलेन ग्रिमो, जोनाथन बिस. चौघांना एकापाठोपाठ ऐका. एका गुरूचे शिष्य आहेत, यावर विश्वास बसणार नाही.

याच काळात तो ऑर्केस्ट्राचं संचालनही करू लागला. तिथेही तेच. कंडक्टर स्वतः एकही सूर वाजवत नाही, त्याला जे ऐकू येतं ते तो दुसऱ्यांच्या हातांतून काढतो. १९८६ ते १९९७ या काळात टँगलवुड या नामांकित उन्हाळी संगीतशाळेचं कलासंचालकपदही त्याच्याकडे होतं.

हे सगळं वाचून ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. मला तो काढावासा वाटत नाही. उजव्या हाताला पियानोवर तो रोज आजमावून पाहायचा. रोज, तीस वर्षं. आज वळतात का बोटं? वळतात. शिकवण्यात तो खूप मोठा झाला, पण त्यामुळे त्या रोजच्या उत्तराचं दुःख कमी झालं असेल, असं समजायचं कारण नाही. माणसात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी राहू शकतात.

खोटं पुनरागमन

१६ सप्टेंबर १९८२. बाल्टिमोरच्या नव्या मेयरहॉफ सभागृहाचं उद्घाटन. हातावर शस्त्रक्रिया झाली होती, थोडा फरक वाटत होता आणि फ्लायशर दोन्ही हातांनी वाजवणार असं जाहीर झालं होतं. आधी ठरला होता बेथोवनचा चौथा कन्चेर्टो. तो झेपणार नाही हे लक्षात आल्यावर सेझार फ्राँकची तुलनेने सोपी पडणारी रचना घेतली. कार्यक्रम टीव्हीवर दाखवला गेला. लोक उभे राहिले. वर्तमानपत्रांना हवी तशी बातमी मिळाली: हात परत आला.

हात परत आलेला नव्हता. हे त्या संध्याकाळी सभागृहात बहुधा एकाच माणसाला पुरतं ठाऊक होतं. बोटांना कशीबशी चुचकारत त्याने ती रचना पार पाडली होती. टाळ्या संपल्या, पुढच्या दोन्ही हातांच्या मैफली त्याने सोडल्या आणि तो पुन्हा डाव्या हाताकडे, विद्यार्थ्यांकडे वळला.

मला त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. सगळं जग ‘तू जिंकलास’ म्हणत असताना ‘नाही, अजून नाही’ असं म्हणून परत वर्गात जाऊन बसणं.

खरा दिलासा मिळाला तो १९९०च्या दशकाच्या मध्यावर. एव्हाना आजाराला नाव मिळालं होतं. खोलवर मसाज करणारी रॉल्फिंग नावाची पद्धत आणि बोटॉक्सची इंजेक्शनं, यांनी फरक पडला. हो, सुरकुत्या घालवणारं तेच बोटॉक्स. जो स्नायू बोटाला आत ओढतो त्याला ते थोडं दुबळं करतं, मग बोट सरळ राहू शकतं. मेंदूतला घोळ मात्र तसाच राहतो. काही महिन्यांनी असर उतरतो, पुन्हा इंजेक्शन. म्हणजे याही वेळी हात ‘बरा’ झाला नाही. वापरता येईल इतपत झाला आणि यावेळी त्याने तेवढ्यावर भागवलं.

एकाच वर्षी दोन

२००४ साली, वयाच्या ७६व्या वर्षी, फ्लायशरची ‘टू हँड्स’ ही ध्वनिफीत आली. दोन्ही हातांची, जवळजवळ चाळीस वर्षांनंतरची. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसोबत त्याने एक रचना पहिल्यांदा जगाला ऐकवली. ती होती हिंडेमिथची, १९२३ सालची, विट्गेनश्टाइनने कपाटात टाकलेली. त्याच्या पत्नीच्या निधनानंतर कागदपत्रांत ती सापडली होती. रचना अर्थातच एका डाव्या हाताची. उजवा हात हाताशी असताना फ्लायशर तेव्हा डाव्या हाताने वाजवत होता.

२ ऑगस्ट २०२० रोजी बाल्टिमोरमध्ये त्याचं निधन झालं. वय ९२. शेवटपर्यंत तो शिकवत होता.

त्याचं काही ऐकायचं असेल तर ‘टू हँड्स’मधला शुबर्टचा शेवटचा सोनाटा ऐका. श्नाबेलचाही हा आवडता सोनाटा. फ्लायशरने तरुणपणी, हात धड असताना, तोही मुद्रित केला आहे, म्हणजे दोन्ही फ्लायशर शेजारी ठेवून ऐकता येतात. इअरफोन लावा, कारण सुरुवात फार हळू आहे. शांत, प्रार्थनेसारखी एक चाल येते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत थांबते. मग अगदी खाली, खर्जात, लांब कुठेतरी ढग गडगडावेत तसा एक सूर थरथरतो आणि विरतो. पुन्हा शांतता. त्या शांततेत तरुण फ्लायशर जरा लवकर पुढे जातो. ७६ वर्षांचा फ्लायशर थांबतो.

तो थरथरणारा सूर डाव्या हाताचा आहे.